एका भात्यावर चारशे वर्षं

ऑर्गन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संगीत नाटक येतं. रंगमंचाच्या पुढ्यात एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला ऑर्गन, आणि वादकाचे पाय खाली सतत भाता हलवताहेत. बालगंधर्वांच्या साथीला तिरखवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन असे, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. पण तो ऑर्गन म्हणजे खरं तर आपल्या बाजाच्या पेटीची थोरली बहीण. दोघींच्या पोटात पितळी रीड असतात आणि त्या हवेनं थरथरल्या की सूर निघतो. आज मला बोलायचं आहे ते या दोघींच्या पणजीविषयी. तिच्या पोटात रीडऐवजी नळ्या असतात. एक-दोन नव्हे, हजारो. ती उचलून नेता येत नाही. ती इमारतीतच बांधलेली असते.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो रेडिओवर. शाळेत होतो तेव्हा. आमच्या मिरजेच्या घरी अब्बांचा जुना ट्रान्झिस्टर होता आणि शॉर्टवेव्हवर बीबीसी लावायचा त्यांना नाद होता. २४ डिसेंबरच्या रात्री साडेआठला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून नाताळची प्रार्थनागीतं थेट ऐकू येत. हा कार्यक्रम १९१८ साली सुरू झाला आणि १९२८ पासून बीबीसी तो प्रसारित करत आली आहे. मुलांचं गाणं संपलं की शेवटी ऑर्गन उसळायचा. शॉर्टवेव्हच्या लाटांबरोबर तो जवळ यायचा, लांब जायचा. मला वाटायचं, हे वाद्यच तसं असावं.

पुढे खूप वर्षांनी त्याच चॅपलमध्ये जाऊन बसण्याचा योग आला. भाची तिकडे जवळच राहते. ती म्हणाली, ‘‘मामू, तासाभराचा कार्यक्रम आहे, नुसता ऑर्गन. थोडं जुनं संगीत, थोडं नवं. बसून तर बघा.’’ बसलो. परत आल्यावर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या माझ्या मित्राला त्याविषयी भरभरून सांगू लागलो. तो तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढत बसला होता. सगळं ऐकून घेऊन त्यानं एवढंच विचारलं, ‘‘ते ठीक आहे रे. पण त्यात आपलं काय?’’

प्रश्न साधा होता, आणि मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. आज देऊन बघतो.

आधी हे वाद्य चालतं कसं ते पाहू. भात्यानं हवा एका मोठ्या पेटीत भरायची आणि तिचा दाब सारखा ठेवायचा. त्या पेटीवर नळ्या उभ्या. वादकानं पट्टी दाबली की नळीखालची झडप उघडते, हवा आत शिरते आणि नळी बोलू लागते. काही नळ्या बासरीच्या जातीच्या, काही सनईच्या. एकाच जातीच्या लहान-मोठ्या नळ्यांची एक रांग, आणि अशा प्रत्येक रांगेला एक खुंटी. ती खुंटी ओढली तरच ती रांग बोलणार. किंग्जमधल्या आजच्या ऑर्गनला हातांसाठी पट्ट्यांचे चार मजले आहेत आणि अशा ७९ खुंट्या आहेत. शिवाय पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या वेगळ्या. नाटकातल्या ऑर्गनवर पाय हवा भरतात. इथे पाय सूर वाजवतात. हवा भरायचं काम आता विजेवर चालतं. पूर्वी त्यासाठी माणसं लागत. ती ऑर्गनच्या मागे उभी राहून भाते ओढत आणि त्यांची नावं कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत छापली जात नसत.

नळीची लांबी फुटांत मोजतात. आठ फुटांची उघडी नळी सेकंदाला साधारण ६५ कंपनं करते. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली जातो. मोठ्या ऑर्गनमध्ये बत्तीस फुटांच्या नळ्याही असतात. त्यांची कंपनं सोळाच्या आसपास, म्हणजे माणसाच्या कानाच्या जवळजवळ पलीकडची. तो सूर ऐकू येत नाही. बाकाच्या लाकडातून पाठीला कळतो.

आता या वाद्याचा स्वभाव. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. पेटीवाला भात्यावरच्या हातानं सूर फुलवतो, मिटवतो. सतारीची तार छेडली की पुढच्या क्षणी विरू लागते. ऑर्गनचा सूर विरत नाही आणि बोटानं फुलतही नाही. बोट पट्टीवर आहे तोवर सूर आहे, बोट उचललं की नाही. काही नळ्या झडपांच्या खोलीत कोंडलेल्या असतात आणि त्या झडपा पायानं उघडून-मिटून आवाज कमी-जास्त करता येतो, हे खरं. पण बोटाच्या हाती फक्त दोन गोष्टी उरतात : सूर केव्हा धरायचा आणि केव्हा सोडायचा. चांगला वादक ओळखायचा तो सोडण्यावरून. दोन सुरांमध्ये तो केसाएवढी फट ठेवतो, आणि त्या फटीमुळे आपल्याला एक सूर वजनदार वाटतो, दुसरा हलका. गझल लिहिणाऱ्याला हे लगेच पटेल. शब्द सगळे सारख्याच आवाजात म्हटले तरी कुठे थांबलो यावरून शेर उभा राहतो किंवा पडतो.

दुसरी गोष्ट, जागा. किंग्जचं चॅपल आतून सुमारे ८८ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि २४ मीटर उंच आहे. १४४६ साली पाया घातला गेला आणि दगडी पंख्यांसारखं छत १५१५ साली पुरं झालं. एवढ्या दगडात सूर सोडला की तो काही सेकंद वर फिरत राहतो. म्हणजे बोट उचलल्यावरही सूर संपत नाही. तो वादकाच्या हातून निघून इमारतीच्या हाती जातो. मागचा सूर वर विरतो आहे तोवर पुढचा आणायचा, आणि दोघांचा चिखल होऊ द्यायचा नाही, ही सारी कसरत.

त्या संध्याकाळी सुरुवात झाली ऑर्लंडो गिबन्सच्या एका रचनेनं. गिबन्स लहानपणी, १५९६ च्या सुमारास, याच चॅपलमध्ये गाणाऱ्या मुलांत होता. त्याच्या काळी इंग्लंडातल्या ऑर्गनना पायपट्ट्या जवळजवळ नसतच. त्यामुळे त्याची रचना नुसत्या हातांची. चार आवाज एकामागून एक येतात, तेच वाक्य आपापल्या पट्टीत म्हणतात आणि एकमेकांचं बोलणं न तोडता पुढे जातात. वादकानं ७९ पैकी दोन-तीनच खुंट्या ओढल्या असाव्यात. एवढं मोठं वाद्य आणि कुजबुजल्यासारखा आवाज.

पण इथे एक अडचण आहे, ती लपवायला नको. हा ऑर्गन १९३४ साली हॅरिसन अँड हॅरिसन या कंपनीनं जुन्या वाद्याच्या आधारानं नव्यानं घडवला आणि २०१६ मध्ये त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. तो आजच्या पियानोप्रमाणे बारा सारख्या अंतरांच्या सुरांत मिळवलेला. गिबन्सच्या काळी सूर मिळवण्याची रीत वेगळी होती. त्या रीतीत काही स्वरजोड्या अगदी निर्मळ लागत, तर काही इतक्या बेसूर की रचनाकार त्यांच्या वाटेला जात नसत. म्हणजे जुनं संगीत आपण नव्या सुरांत ऐकतो. आपल्याकडे पेटीवरून हाच वाद झाला. बारा सुरांच्या पेटीत आपल्या श्रुती कशा बसणार? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी त्यासाठी श्रुतींच्या वेगळ्या पेटीचा खटाटोप केला आणि मिरजेत राहणारे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ त्यांना सूर दाखवत होते. तेव्हा मित्रा, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. ज्या सुराच्या भांडणात तू आणि तुझे वाडवडील आयुष्यभर आहात, ते भांडण तिकडेही आहे.

गिबन्सनंतर आला बुक्स्टेहूड. हा जर्मनीतल्या ल्यूबेक शहराचा ऑर्गनवादक. त्याला ऐकायला वीस वर्षांचा तरुण बाख १७०५ साली सुमारे चारशे किलोमीटर पायी चालत गेला. रजा चार आठवड्यांची काढली होती; राहिला जवळजवळ चार महिने. उस्तादाच्या दारी जाऊन बसणारे शागीर्द सगळीकडे सारखेच! बुक्स्टेहूडच्या ज्या रचनेला पासाकालिया म्हणतात, तिच्यात पाय एक छोटी सुरावट धरतात आणि ती अठ्ठावीस वेळा वाजते. आधी सात वेळा एका स्वरावर, मग सात वेळा दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, आणि शेवटच्या सात वेळा पुन्हा मूळ स्वरावर. वर हात दर वेळी नवं काही बोलतात. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनात सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरलेला असतो आणि त्याच्या आधारानं तबलजी हवं तिकडे फिरून समेवर येतो. हा पायांचा लेहरा आहे, असं मनाशी म्हटलं आणि मला वाट सापडली. ज्याला परकं संगीत कळत नाही असं वाटतं, त्यानं आधी काय परत परत येतंय ते शोधावं. ते सापडलं की बाकीचं हळूहळू बोलू लागतं.

कार्यक्रम नव्या संगीताकडे वळण्यापूर्वी या ऑर्गनच्या जन्माची गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला विलक्षण वाटते. किंग्जमध्ये १६०५-०६ साली ऑर्गन बांधला तो थॉमस डॅलम यानं. आजच्या कोरीव लाकडी सांगाड्यातले काही भाग त्याच्या काळचे मानले जातात. हाच डॅलम त्याआधी, १५९९ मध्ये, एक ऑर्गन घेऊन इस्तंबूलला गेला होता. एलिझाबेथ राणीकडून सुलतान तिसरा मेहमेद याला तो नजराणा होता. इंग्रजांना व्यापाराच्या सवलती हव्या होत्या. वाद्य असं की घड्याळाच्या यंत्रानं आपोआप वाजायचं, हातानंही वाजवता यायचं, आणि वरच्या झुडपातले पक्षी शेवटी गाऊन पंख फडफडवायचे. समुद्रप्रवासात उकाड्यानं सरस सुटला, लाकूड वाकलं. डॅलमनं तिथे बसून ते पुन्हा जुळवलं. मग सुलतानासमोर त्याला वाजवावं लागलं, आणि तेही पाठ करून, इतक्या जवळ की त्याची तुमान सुलतानाच्या गुडघ्याला लागत होती. हे सगळं त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. सुलतान खूश झाला. तिथेच राहा म्हणून लोकांनी डॅलमला गळ घातली, लग्नाचं आमिषही दाखवलं. घरी बायको-मुलं आहेत असं चक्क खोटं सांगून तो सुटला.

मुळात हे वाद्य चर्चचं नव्हेच. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओस नावाच्या कारागिरानं ते रचलं. हवेचा दाब सारखा ठेवायला त्यानं पाण्याचा उपयोग केला होता. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांनी आपोआप वाजणाऱ्या वाद्याची रचना लिहून ठेवली. युरोपच्या राजाला, पेपिनला, ७५७ साली ऑर्गन मिळाला तो कॉन्स्टंटिनोपलच्या सम्राटाकडून भेट म्हणून. चर्चमध्ये तो नंतर शिरला.

आणि शिरल्यावरही सुखानं राहिला नाही. इस्तंबूलचा तो ऑर्गन पुढच्या सुलतानानं, पहिल्या अहमदनं, धर्माला न शोभणारा म्हणून मोडून टाकला असं सांगतात. इंग्लंडात १६४४ साली संसदेनं फर्मान काढलं की चर्चमधले ऑर्गन काढून टाका. देवाच्या घरात शब्द हवा, हा गोंगाट नको, असं शुद्धतावाद्यांचं म्हणणं होतं. त्या धामधुमीत किंग्जमधलाही ऑर्गन उतरवला गेला. १६६० मध्ये राजेशाही परत आली, तेव्हा ऑर्गनही परतले. आणि तिसरी बंदी आपल्या घरातली. १९४० च्या मार्चमध्ये आकाशवाणीनं बाजाच्या पेटीला दार बंद केलं. मींड येत नाही, सूर परके, वाद्य परकं. आक्षेप घेणारे लहानसहान नव्हते. रवींद्रनाथांनाही पेटी सोसत नसे. ही बंदी सैल होऊ लागली ती १९७१ पासून. ज्या आकाशवाणीवरून मी हे बोलतो आहे, तिनंच एके काळी पेटीला तीस वर्षं उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं.

तिघांचे धर्म वेगळे, कारणं वेगळी. पण तिघांनाही काहीतरी शुद्ध राखायचं होतं. त्यांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पेटीवर मींड खरोखरच येत नाही. पण बंदीच्या त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनात, कव्वालीत, तमाशात पेटी वाजतच होती. लोकांनी आधी ऐकलं आणि वाद नंतर मिटला.

परत चॅपलमध्ये येऊ. नव्या संगीतातला पहिला होता झेहाँ अलाँ. हा फ्रेंच तरुण १९४० साली महायुद्धात वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मारला गेला. त्याची ‘लितानी’ १९३७ ची आहे. लितानी म्हणजे एकच विनवणी पुन्हा पुन्हा म्हणायची प्रार्थना. दुःखात माणसाला नवे शब्द सुचत नाहीत तेव्हा तो तेच ते म्हणत राहतो, अशा अर्थाचं काही त्यानं रचनेच्या माथ्यावर लिहिलं आहे. एक सुरावट सुरू होते आणि थांबतच नाही. वेग वाढतो, वजन वाढतं, शेवटी श्वास लागतो. आमच्याकडे दर्ग्यात जिक्र चालतो, शेजारच्या देवळात नामाचा गजर चालतो. एका शब्दावर माणसं इतका वेळ राहतात की शब्द मागे पडतो आणि नुसता श्वास उरतो. ‘लितानी’ ऐकताना मला दोन्ही आठवले. आणि लक्षात आलं की तासाभरापूर्वी बुक्स्टेहूडच्या पायांनी जे धरलं होतं, तेच इथे हातात आलं आहे. जुनं आणि नवं शेजारी ठेवण्याचा फायदा हा. जुनं ऐकून कान तयार होतो, आणि त्या कानाला नवं वाटतं तितकं विचित्र लागत नाही.

शेवटी ऑलिव्हिए मेस्याँ. पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चमध्ये हा १९३१ पासून १९९२ मध्ये मरेपर्यंत ऑर्गन वाजवत होता. येशूच्या जन्मावरच्या त्याच्या नऊ रचना १९३५ च्या आहेत. त्यातली एक वाजली. सूर सावकाश, जणू रंगीत काचेतून पडणारं ऊन. पण चाल काही केल्या हाताला लागेना. मी बोटांवर मात्रा मोजतो आणि दर वेळी चुकतो. भाचीनं नंतर सांगितलं ते ऐकून मी तिथेच पायरीवर बसलो.

मेस्याँला तरुणपणी एका फ्रेंच संगीतकोशात भारतीय तालांची यादी सापडली होती. ते १२० देशी ताल शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले. मेस्याँनं त्यांचा ध्यास घेतला. त्यातल्या ‘रागवर्धन’ तालावरून त्याला सरळ चालीत मध्येच एक लहानशी मात्रा वाढवण्याची कल्पना सुचली, आणि १९४४ च्या आपल्या ग्रंथात त्यानं त्या तालावर एक प्रकरणच लिहिलं. १९५१ च्या ऑर्गनवरच्या रचनासंग्रहात तर त्यानं प्रतापशेखर, गजझंप, सारस हे ताल नावानिशी वापरले. आता हा शार्ङ्गदेव कोण? देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारातला हिशेबनीस, तेराव्या शतकातला. घराणं मूळचं काश्मीरचं, पण ग्रंथ लिहिला तो देवगिरीत. आपल्या दौलताबादच्या किल्ल्याखाली. तिथे लघू-गुरूंच्या हिशेबात मांडलेला ताल सातशे वर्षांनी कागदावरून पॅरिसला पोचला आणि ऑर्गनच्या नळ्यांतून बोलू लागला. मेस्याँनं तो आपल्यासारखा वाजवला नाही, ठेका धरला नाही, समही ठेवली नाही. त्यानं तो आपल्या श्रद्धेच्या कामी लावला. आपल्याकडे तर त्या १२० पैकी बहुतेक ताल वाजवणारे हातच उरले नाहीत.

शेवटचा सूर सुटला. वादकानं हात उचलले, पण सूर छताशी रेंगाळत राहिला. सगळे मान वर करून थांबलेले. टाळी घाईनं कुणीच वाजवली नाही.

परवा मित्राकडे गेलो, फोनवर ती मेस्याँची रचना लावली आणि काही न सांगता त्याच्यापुढे ठेवली. त्याचा एक हात तंबोऱ्यावर, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर. मोजत होता. थांबला, कपाळाला आठी घातली, पुन्हा पहिल्यापासून लाव म्हणाला. मग मान हलवून म्हणाला, ‘‘अरे, ह्यात मधेच अर्धी मात्रा जास्तीची आहे की!’’

मी म्हटलं, ‘‘ती आपली.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)